मर लागलेल्या तुरीत उभी राहिलेली सतरा झाडं

सोलापूर जिल्ह्यातल्या वैराग भागातून एका तरुण शेतकऱ्याचा प्रश्न आला आहे. चार एकर मध्यम काळ्या रानात तो तीन वर्षं घरचंच बी ठेवून बीएसएमआर ७३६ तूर घेतो. मर (झाड उभंच वाळतं) आणि वांझ (झाड शेंगच धरत नाही) या दोन्ही रोगांना हा वाण दाद देत नाही म्हणून त्यानं तो निवडला होता. यंदा दिवाळीनंतर चट्ट्याचट्ट्यानं झाडं वाळायला लागली. सगळ्यात मोठ्या चट्ट्याच्या ऐन मध्यात मात्र सतरा झाडं हिरवीगार, शेंगांनी लगडलेली उभी आहेत. त्यांचं बी वेगळं ठेवलं तर मर न लागणारा स्वतःचा वाण होईल का, आणि प्रतिकारक म्हणून घेतलेला वाण मुळात मेलाच कसा, असं त्यानं विचारलं आहे. शेवटी एक ओळ डाळिंबाची: तेल्या (जिवाणूंमुळे येणारा तेलकट डागांचा रोग) न येणारी रोपं कुणी विकत असेल तर घ्यावीत का?

बी वेगळं ठेवाच. फक्त आज त्या झाडांना रोगप्रतिकारक म्हणू नका. ती वाचली आहेत, एवढंच आपल्याला आत्ता कळलंय. एखादं झाड रोगाच्या तावडीत सापडलंच नाही म्हणून वाचतं, तर दुसरं रोग मुळापर्यंत येऊनही त्याला पुरून उरतं. बांधावर उभं राहून पाहिलं तर दोन्ही सारखीच हिरवी दिसतात. कडधान्यांच्या पैदाशीत माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली निम्मी या दोन झाडांमधला फरक ओळखण्यात गेली.

नोकरीत नवा होतो तेव्हा एका शेतकऱ्याच्या मर लागलेल्या रानातून मी चाळीस निरोगी झाडं निवडली. प्रत्येकाच्या शेंगा वेगळ्या झोडल्या, पुड्यांवर नंबर टाकले आणि पुढच्या खरिपात मोठ्या उमेदीनं पेरल्या. डिसेंबरपर्यंत चाळीसपैकी अडतीस ओळी वाळल्या. मग त्या शेतकऱ्याकडे परत गेलो आणि आधीच विचारायला हवं होतं ते विचारलं: त्या पट्ट्यात पूर्वी काय होतं? तीन वर्षं ज्वारी होती. जमिनीतली बुरशी तिथं कमी झाली होती आणि माझी चाळीस झाडं बहुतेक त्या जोरावर वाचली होती. उरलेल्या दोन ओळी मात्र खऱ्या निघाल्या. तुमच्या सतरांत अशी दोन निघाली तरी ते मोठं घबाड समजा.

तुमच्या बाबतीत मला आशा वाटते ती एका शब्दामुळे. झाडं चट्ट्याच्या मध्यात आहेत, असं तुम्ही लिहिलंय. मरीची बुरशी, फ्युजेरियम उडम, जमिनीत सगळीकडे सारखी पसरलेली नसते. गेल्या सालच्या रोगट झाडांची मुळं आणि धसकटं जिथं कुजतात तिथं ती दाटते आणि तिथून दरसाल थोडी थोडी सरकते. चट्ट्याच्या कडेला उभं असलेलं झाड बहुधा नशिबानं वाचलेलं असतं. चारी बाजूंनी मेलेल्या झाडांच्या मध्ये जे उभं आहे, त्याच्या मुळाशी बुरशी पोचलीच नसेल हे मानणं कठीण आहे.

पण त्याआधी रोग मरच आहे का ते बघा. मेलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. सालीखाली लाकडात तपकिरी-काळ्या रेषा वर चढलेल्या दिसल्या आणि बाहेरून बुंध्यापासून जांभळट पट्टा वर गेलेला असला, तर मर. लाकूड आतून स्वच्छ आहे, पण जमिनीच्या थोडं वर खोडावर तपकिरी खोलगट डाग आहे आणि वाऱ्यानं झाड तिथंच मोडतंय, तर तो फायटोप्थोराचा करपा. तो पाणी साचणाऱ्या जागी येतो, बहुधा पीक लहान असताना. मुळं सडून साल सहज सुटत असेल तर मूळकूज. मरीला न जुमानणारा वाण या दोन रोगांनी खुशाल मरतो. "प्रतिकारक वाण मेला" अशा कितीतरी तक्रारींत मी शिवारात जाऊन खोड चिरलंय आणि रोग दुसराच निघालाय. प्रतिकारशक्ती नेहमी एका रोगापुरती असते. पिशवीवर नुसतं "रोगप्रतिकारक" लिहिलेलं असेल तर कुठल्या रोगाला, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला किंमत देऊ नका.

याचं ठळक उदाहरण तुरीतच आहे. आयसीपी ८८६३, म्हणजे 'मारुती', मरीला इतका पक्का की आजही चाचणीत मापदंड म्हणून लावतात. हाच वाण वांझ रोगाला इतका हळवा, की वांझेच्या चाचणीत "रोग हमखास येणारा" म्हणूनही हाच पेरतात. वांझ रोग हा विषाणूचा. डोळ्यांना न दिसणारी कोळ्याची (माइटची) एक जात तो वाऱ्याबरोबर वाहून आणते. झाड हिरवं, दाट, झुडपासारखं राहतं, पानं बारीक आणि पिवळट चट्ट्यांची होतात, पण फूल-शेंग धरत नाही. म्हणून दोन्ही रोगांना टिकणारे वाण करावे लागले. हैदराबादजवळ पाटणचेरूला असलेल्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेची 'आशा' (आयसीपीएल ८७११९) १९९३ मध्ये आली, जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या संशोधन केंद्रातून बीएसएमआर ७३६ आणि पांढऱ्या दाण्याची बीएसएमआर ८५३ आली.

आता तुमचा वाण का मेला. मला पहिला संशय बियाण्याचाच येतो. तूर हे पूर्ण स्वपरागी पीक नव्हे. मधमाश्या आणि भुंगे एका फुलावरचा पराग दुसऱ्यावर नेतात, आणि शिवारात माश्या बऱ्यापैकी असल्या तर शंभरातले वीसेक दाणे सहज परक्या परागाचे निघतात. शेजारच्या बांधापलीकडे कुणाची गावरान तूर असेल तर तीन वर्षांत तुमच्या बियाण्यात तिचं रक्त किती मिसळलं असेल याचा हिशेब करा. बीएसएमआर ७३६ चा दाणा लाल असतो. घरच्या पोत्यातून दोन मुठी बी ताटात पसरा. पांढरे, चित्रे, फिके दाणे जितके दिसतील तितका वाण हातचा गेला. तुरीला दर दोन-तीन वर्षांनी नवं बी आणा असं आम्ही सांगतो, त्यामागचं कारण हे आहे.

दुसरी शक्यता बुरशीच बदलल्याची. फ्युजेरियम उडम सगळीकडे एकसारखी नाही, एका भागात टिकणारा वाण दुसऱ्या भागात कमी टिकतो. वांझेच्या विषाणूतही हेच: बंगळुरूकडचा प्रकार पाटणचेरूकडच्यापेक्षा उग्र आहे आणि पाटणचेरूला टिकलेल्या कित्येक ओळी तिकडे झोपतात. हे का होतं ते समजून घ्यायचं तर झाडाच्या राखणदाराकडे बघावं लागतं. अमेरिकेत फ्लॉर या शास्त्रज्ञानं जवसाच्या तांबेऱ्यावर १९४० च्या दशकात दाखवून दिलं, की झाडाच्या एकेका प्रतिकारक जनुकासमोर रोगाचं एकेक ठरावीक जनुक उभं असतं. झाडाचा राखणदार चोराला एका खुणेवरून ओळखतो, समजा डोक्यावरच्या लाल फेट्यावरून. चोर दिसला की तो आरडाओरडा करतो, त्या जागच्या पेशी स्वतःच मरतात आणि चोर तिथंच कोंडला जातो. पण लाखो चोरांत एखादा बोडका निघाला, तर राखणदार जागा असूनही तो सरळ घरात शिरतो. त्या एकट्याची संतती वाढते आणि दोन-चार हंगामांत शिवारभर बोडकेच चोर होतात. वाण तोच असतो, बिघडलेला नसतो. समोरचा बदललेला असतो.

परभणी क्रांती भेंडीचं असंच झालं. केवड्यानं (पिवळ्या शिरांच्या रोगानं) पुसा सावनी ही जात जेरीस आली होती. मराठवाडा कृषी विद्यापीठात तिचा भेंडीच्या एका जंगली नातेवाइकाशी संकर केला, मग पुन्हा पुन्हा सावनीकडे वळवत जंगलीपणा काढून टाकला आणि प्रतिकार तेवढा ठेवला. १९८५ मध्ये ती प्रसारित झाली आणि बरीच वर्षं महाराष्ट्रातल्या भेंडीची तीच ओळख होती. पांढरी माशी विषाणू पसरवतच राहिली, विषाणू बदलत राहिला, आणि आज क्रांतीवरही पिवळ्या शिरा दिसतात. त्या कामाला मी अपयश म्हणू देणार नाही. क्रांतीनं इतकी वर्षं शेतकऱ्यांची भेंडी वाचवली.

बाजरीत घडलं ते जास्त वाईट. १९६५ मध्ये एचबी १ हा पहिला संकरित वाण आला आणि त्यामागोमाग आलेल्या वाणांची आई एकच होती, टिफ्ट २३ ए. एचबी ३ सगळीकडे पसरला आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगानं कणसांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके उभे केले. लाखो एकरांवर एकच आई असली की रोगाला एकच कुलूप उघडावं लागतं. तूर जमिनीच्या रोगाशी लढते म्हणून त्या मानानं सुखी आहे. गव्हाचा तांबेरा वाऱ्यावर शेकडो मैल जातो. मरीची बुरशी मात्र नांगर, वाहतं पाणी आणि रोगट धसकटांबरोबर जेवढी जाईल तेवढीच. म्हणून तुरीतला मरीचा प्रतिकार सहसा जास्त वर्षं टिकतो. 'आशा' तीस वर्षांनंतरही पेरली जाते.

आता सतरा झाडांकडे. काढणीआधी प्रत्येकाला वेगळ्या चिंधीनं खूण करा आणि नंबर द्या. शेंगा एकत्र करू नका. सतरा झाडं, सतरा पुड्या. हा मोह फार होतो, की सगळं बी मिसळून एक चांगलं पोतं करावं. मिसळलंत की खरी दोन झाडं खोट्या पंधरांत बुडाली.

शेंगा तोडून झाल्या की त्या झाडांचीही खोडं बुंध्याशी चिरून बघा. हे फार कुणी करत नाही आणि मला ते सगळ्यात मोलाचं वाटतं. लाकूड पांढरं स्वच्छ असेल तर एकतर झाडानं बुरशी मुळातच अडवली किंवा ती आलीच नाही. रेषा बुंध्याशी थोड्या चढून थांबल्या असतील, तर बुरशी आत शिरली होती आणि झाडानं तिला रोखून धरलं, हे तुमच्या डोळ्यांसमोर आहे. अशा झाडाची पुडी मी कधीच टाकत नाही. रेषा वरपर्यंत गेल्या असतील तर ते झाड आणखी पंधरा दिवसांनी मेलंच असतं.

प्रत्येक पुडीतलं निम्मं बी डब्यात राख घालून राखून ठेवा, कारण चाचणीचं वर्ष वाया जाऊ शकतं. निम्मं त्याच चट्ट्यात पेरायचं. आमच्याकडे याला सिक प्लॉट म्हणतात: मुद्दाम रोगट ठेवलेलं रान. यंदाच्या मेलेल्या झाडांच्या तुराट्या आणि मुळं बारीक तोडून त्या जागेत मिसळा. इतर रानात मी तुम्हाला याच्या नेमकं उलट सांगेन, म्हणून नीट वाचा: हे फक्त त्या गुंठाभर जागेपुरतं. जागा उताराच्या खालच्या टोकाला असेल तरच करा, नाहीतर पावसाचं पाणी ती बुरशी तुमच्याच चार एकरांत नेऊन सोडेल. वरच्या अंगाला चट्टा असेल तर खालच्या कोपऱ्यात नवी जागा तयार करा. त्या गुंठ्यात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) नको, बुरशीनाशकाची बीजप्रक्रिया नको, ज्वारीची फेरपालटही नको. रोगाला तिथं पूर्ण मोकळीक हवी.

एका झाडाची एक ओळ, तीस-चाळीस दाणे. जागा पुरली तर प्रत्येक ओळ दोन ठिकाणी. आणि दर दोन ओळींनंतर एक ओळ हमखास मरणाऱ्या गावरान तुरीची. या मरणाऱ्या ओळीशिवाय सगळी चाचणी व्यर्थ आहे. एका वर्षी पेरणी लांबली, रोग फारसा आलाच नाही आणि आमच्या मरणाऱ्या ओळींतली निम्मी झाडं हिरवी राहिली. बाकीच्या दोनशे ओळी डौलात उभ्या होत्या. बघायला येणारे कौतुक करत होते आणि मी त्या वर्षाची सगळी वही बाजूला ठेवली. गावरान ओळीत शंभरातली ऐंशी झाडं मेली, तरच शेजारच्या जिवंत ओळीवर विश्वास ठेवायचा.

झाडं चार वेळा मोजा: उगवून महिन्यानं, फुलोऱ्याच्या सुरुवातीला, शेंगा भरताना आणि काढणीला. मर बऱ्याचदा फुलोऱ्यानंतरच तोंड दाखवते, त्यामुळे ऑक्टोबरात खूश होऊन वही मिटू नका. ज्या ओळीत शंभरातली दहापेक्षा कमी झाडं गेली, ती ठेवा. एकाच ओळीत काही मेली, काही जगली असं दिसलं तर समजा की आईझाड संकरित होतं, त्याच्यात प्रतिकाराच्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत होती. ती ओळ फेकू नका, तिच्यातली वाचलेली झाडं पुन्हा निवडा.

याच वर्षी पिशव्या लागतील. चांगल्या ओळीतल्या दोन-तीन झाडांच्या फांद्यांवर, फुलं उमलायच्या आधी, मलमलच्या कापडाची पिशवी चढवून बांधा. आतल्या फुलांत माशी जाणार नाही आणि शेंगा स्वतःच्याच परागाच्या होतील. बी थोडं मिळतं, पण तुमचं मिळतं. पुढच्या वर्षी पेरायचं ते पिशवीतलं. असे तीन हंगाम काढलेत आणि ओळ एकसारखी दिसायला लागली, की तुमच्या हातात खरोखर काहीतरी आहे.

मग वांझेची चाचणी उरते. ती घरी करू नका, पण कशी करतात ते ऐकायला आवडेल. वांझ झाडाचं कोळी असलेलं पान तोडतात, दोन पानांवर आलेल्या कोवळ्या रोपाच्या पानावर दुमडतात आणि चक्क स्टेपलरनं टाचतात. तोडलेलं पान सुकत जातं तसे कोळी हिरव्या पानावर चालत येतात आणि विषाणू घेऊन येतात. सत्तरच्या दशकात इक्रिसॅटमध्ये ही रीत बसवली. तोवर कोळी येतील का, कधी येतील, याची नुसती वाट बघावी लागायची. हजारो रोपं एका आठवड्यात टाचून होतात. या कामाला बोटं जपून चालणारी माणसं लागतात, आणि आमच्याकडे रोजंदारीवर येणाऱ्या बायकांनी ते कुठल्याही पदवीधरापेक्षा चोख केलं. एक गंमत सांगतो: वांझेचा प्रतिकार बऱ्याच संकरांत सुप्त निघतो. म्हणजे पहिल्या पिढीत सगळी रोपं रोगट दिसतात, प्रतिकारक झाडं दुसऱ्या पिढीत बाहेर येतात. पहिली पिढी बघून नाउमेद झालेल्या नव्या मुलांना मी हेच सांगायचो, की बी जपून ठेवा, पुढच्या खरिपात बोलू.

ज्वारीबद्दल थोडं, कारण ती तुमच्या फेरपालटात हवी. आपल्या जिल्ह्यातल्या मोहोळला गावरान मालदांडीतून निवडलेली एम ३५-१ जवळजवळ नव्वद वर्षं रब्बीत टिकली आहे. तिला लागणारा खडखड्या हा रोग तुरीच्या मरीसारखा सरळ मामला नाही. ती बुरशी सगळ्या रानांत असतेच, पण दाणा भरताना ओल तुटली की खोड पोकळ करते. भारी रानात तगलेली ओळ मुरमाड रानात लोळते. म्हणून तिथं प्रतिकार शोधायचा म्हणजे शेवटपर्यंत पानं हिरवी ठेवणारी, पाणी पुरवून वापरणारी झाडं शोधायची. तुमच्यासाठी महत्त्वाचं इतकंच, की तुरीत ज्वारीचं आंतरपीक किंवा मध्ये एखादं वर्ष ज्वारी घेतली तर मर बरीच कमी होते. चार एकरांत तेच करा, चाचणीचा गुंठा सोडून.

डाळिंबाचं उत्तर सरळ आहे: नका घेऊ. तेल्याला पूर्ण टिकणारी आणि 'भगवा' या जातीसारखं फळ देणारी जात आज बाजारात नाही. प्रयत्न चालू नाहीत असं नाही. सोलापूरला केगावात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहे. अडचण पिकाच्या स्वभावात आहे. तेल्याला थोडाफार दम धरणारं रक्त हिमाचलाकडच्या जंगली 'दारू' डाळिंबासारख्या आंबट, कठीण बियांच्या झाडांत सापडतं. त्यातून प्रतिकार घ्यायचा, आंबटपणा आणि बी टाकायचं, तर पुन्हा पुन्हा गोड बापाशी संकर करावा लागतो, आणि प्रत्येक पिढीला फळ चाखायला तीन वर्षं थांबावं लागतं. तुरीत मी तीन वर्षांत तीन पिढ्या बघतो. त्यात डाळिंब गुटीनं (फांदीलाच मुळं फोडून केलेल्या रोपानं) वाढतं, म्हणजे जिल्हाभर जवळजवळ एकच झाड लाखो जागी उभं आहे, आणि रोगट बागेतली गुटी आणली की जंतू फुकटात घरी येतो. सांगोल्याकडच्या कितीतरी बागा त्यापायी काढाव्या लागल्या, ते बघताना जीव तुटला. तोवर रोपं निरोगी मातृबागेतलीच घ्या आणि पावसाच्या शिंतोड्यांतून वाचायला हस्त बहार (सप्टेंबर-ऑक्टोबरात धरतात तो) धरा. ही झाडाची शक्ती नव्हे, रोगाला चुकवणं आहे, पण बागेत चुकवणंही उपयोगाचं असतं.

तुरीची काढणी जवळ आली असेल. आधी चिंध्या बांधा, सतरा पुड्या तयार ठेवा, आणि मेलेल्या पाच झाडांची खोडं चिरून रेषा कुठवर चढल्यात ते पुडीच्याच वहीत लिहा. चिरलेली खोडं ओली असतानाच कागदात गुंडाळून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा, सुकल्यावर त्यातली बुरशी ओळखणं अवघड होतं. आणि त्या सतरांतल्या एकाचंही बी यंदा डाळीला जाऊ देऊ नका.